माइक घेण्याआधी आपली खोली ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यात गावोगावची भजनी मंडळे, गोंधळी, भीमगीते गाणारी तरुण मुले आता घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू लागली आहेत. गळे कसदार आहेत, पखवाज नीट लावलेला असतो. पण ऐकताना गाणारा घागरीत तोंड घालून गातोय असे वाटते. मग माइक हलका ठरतो आणि त्याहून महागडा कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा, थोडा लांब ठेवून वापरायचा माइक) मागवला जातो. त्याने दुखणे वाढतेच.

आपल्याकडच्या खोलीला वर पत्रे किंवा स्लॅब, खाली शहाबादी फरशी आणि बाजूला उघड्या भिंती. आवाज यांवर आपटून परत येतो. गायकाचे माइकपासूनचे अंतर निम्मे झाले की त्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचे माप) वाढतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणजे घुमारा कमी करायचा पहिला उपाय अंतर हा आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आकाशवाणीच्या स्टुडिओत माइक फूटभर लांब चालतो, कारण तिथल्या भिंती आवाज शोषून घेतात.

म्हणून पहिला माइक डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) घ्यावा, कार्डिओइड, म्हणजे समोरचे ऐकणारा आणि पाठीमागचे टाळणारा. डायनॅमिक माइक खोली ऐकतच नाही, हा समज मात्र खोटा आहे. कंडेन्सरएवढ्याच अंतरावर, त्याच दिशेने ठेवला तर तोही घुमारा पकडतो. त्याचा फायदा एवढाच की तो ५ ते १० सेंमीवरून गाण्यासाठीच बनलेला असतो. इतक्या जवळून खर्ज फुगतो, तेव्हा ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा लो-कट लावावा. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक यासाठी पुरेसा आहे, पण बाजारात त्याच्या नकला फार. अस्सल माइकचे वजन २९८ ग्रॅम असते. हातात फारच हलका लागला तर घेऊ नका. वजन जुळले म्हणून अस्सल ठरत नाही, तेव्हा अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल हवेच.

डायनॅमिक माइकचा सिग्नल क्षीण असतो. त्यामुळे ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) घेताना तिचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, किमान ५५ डेसिबल आहे का ते पाहावे. कमी पडला तर हळू गाणाऱ्याच्या आवाजामागे सळसळ येते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ‘स्टुडिओ किट’मधला कंडेन्सर बहुधा कॉम्प्युटरच्या माइक-सॉकेटला लावायची वायर घेऊन येतो. तिथून मिळतात फार तर पाचेक व्होल्ट, आणि खऱ्या कंडेन्सरला सहसा ४८ लागतात. त्यामुळे तो पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. कॉलर माइक बहुतेक चारही दिशांनी ऐकतात, म्हणून पत्र्याच्या खोलीत ते गाण्याच्या कामाचे नाहीत.

स्टँडकडे कोणी लक्ष देत नाही. आपले गायक सतरंजीवर बसून गातात आणि दुकानात मिळतो तो उभ्या गायकाचा उंच स्टँड. मग माइक कपाळाच्या उंचीवर राहतो. आडव्या दांडीचा बुटका बूम स्टँड मागून घ्यावा.

हार्मोनियमला भात्याच्या बाजूने माइक लावला की फसफस येते. पट्ट्यांच्या वरून, साधारण ४० सेंमीवर ठेवावा. पखवाजाची थाप अचानक उसळते, म्हणून रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडावे आणि सर्वांत मोठी थाप मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही वरची मर्यादा) राहील इतकाच गेन ठेवावा. आवाज फाटला तर तो नंतर सांधता येत नाही. टाळकऱ्यांना माइकच्या पाठीशी, दीड-दोन मीटरवर बसवा. टाळ जवळ असले की गायकाचे शब्दच बुडतात. संबळाला डायनॅमिकच बरा. एकतारी, बासरी यांच्यासाठी पुढे कधी तरी छोट्या पडद्याचा (डायफ्रॅमचा) कंडेन्सर घ्यावा, तोही खोली सुधारल्यावर.

खोली सुधारायला फोम लागत नाही. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या किंवा वाकळा टांगा, भिंतीपासून वीतभर पुढे. पातळ चादरीने काही होत नाही. फरशीवर दोन सतरंज्या. पंखा बंद. दुपारी पत्रा तापून कडकडतो आणि पावसात तर बोलायलाच नको, तेव्हा रेकॉर्डिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करावे.

गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. थांबली, तर दोष माइकचा नसून घराच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा. इन्व्हर्टरवर घर चालू असताना रेकॉर्डिंग टाळावे. कंडेन्सर जोडताना आधी वायर, मग इंटरफेसवरचे ४८ व्होल्ट; काढताना आधी ४८ व्होल्ट बंद. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या वाद्यविक्रेत्यांना आमची विनंती आहे. माइक विकण्यापूर्वी तो इंटरफेसला जोडून गिऱ्हाइकाला त्याच्याच आवाजात, हेडफोनवर ऐकू द्यावा आणि तो कुठल्या खोलीत वापरणार, हे विचारावे.

आपले,
ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही वाचक, परभणी