‘सेट’ नाही हो, आता ‘रन’!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर कोडं होतं की इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कोणत्या शब्दाला, आणि उत्तर छापलंय ‘सेट’. अहो हे उत्तर कधीच जुनं झालं. १९८९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची २० खंडांची दुसरी आवृत्ती आली तेव्हा ‘सेट’ पहिला होता हे खरं, ४३० अर्थ होते त्याचे. पण पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम निघालं आणि त्यात ‘रन’नं त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ! पीटर गिलिव्हर नावाचे संपादक सुमारे नऊ महिने या एकाच शब्दाला चिकटून बसले होते. आपल्याकडे मात्र क्विझच्या पुस्तकात नि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून ‘सेट’च फिरतोय.

एवढ्याशा शब्दाचे एवढे अर्थ झाले कसे, तर त्यात मोठा हात यंत्रांचा. आधी माणसं, घोडे, नदीचं पाणी एवढंच पळायचं, मग गिरण्या आल्या, आगगाडी आली, मोटार आली, शेवटी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आला आणि हे सगळंच ‘रन’ व्हायला लागलं. गंमत म्हणजे त्यांचं मशीन पळतं आणि आपलं चालतं. आपलं ‘चालणं’ही काही कमी नाही, घड्याळ चालतं, दुकान चालतं, खटला चालतो, वशिला चालतो, आणि चहा घेणार का विचारलं तर ‘चालेल’. निवडणुकीत तर अजून मजा, अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, इंग्लंडातला ‘स्टँड’ करतो, आपला पण उभाच राहतो (निवडून आल्यावर कुठे पळतो ते वेगळं). आणि क्रिकेटमध्ये चौकार मारला की एक पाऊल न पळता चार रन!

मी शिकवण्या घेतो म्हणून हे जास्त खुपतं. मुलांच्या वहीत काय असतं, ‘रन म्हणजे धावणे’, संपलं. मग ‘हिज नोज इज रनिंग’चं भाषांतर ‘त्याचे नाक धावत आहे’ असं येतं, त्यात पोराचा काय दोष, त्याने पाठ केलेलंच लिहिलं. दूध संपलं तरी रनच, साडीचा रंग दुसऱ्या कपड्याला लागला तरी रनच, घराण्यात डायबेटिस असला तरी रनच, मित्र रस्त्यात अचानक भेटला तरी ‘रन इन्टू’ आणि गाडी खांबाला धडकली तरी पण ‘रन इन्टू’. घाबरून ठेवीदारांनी पैसे काढायला बँकेपुढे रांगा लावल्या तर त्यालाही रनच म्हणतात, हे तर कॉलेजच्या पोरांनाही ठाऊक नसतं. एक शब्द एक अर्थ असं पाठांतर करून हे कसं यायचं? वाक्यं वाचून, ऐकूनच येतं ते, पण परीक्षेत शब्दार्थ विचारतात म्हणून आम्हीही तेच करून घेतो.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी कोड्याचं उत्तर दुरुस्त करून छापा, आणि जमलं तर त्या पानावर दर आठवड्याला असं एखादं क्रियापद घ्या, ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, पण शब्दार्थांची यादी नको, रोजच्या बोलण्यातली पाच-सहा वाक्यं द्या. जागा कमी पडत असेल तर राशिभविष्य थोडं आखडलं तरी चालेल.

आपला,
एक जुना वाचक, सांगली