नैनीतालच्या नाल्यात काही टाकू नका, प्लीज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे उत्तराखंडचे प्लॅन सुरू होतात आणि त्यात नैनीताल असतंच असतं, म्हणून हे पत्र जरा वेळेत छापलंत तर बरं होईल. आम्ही मागच्या मे महिन्यात जाऊन आलो. काठगोदामला ट्रेनमधून उतरलो, तिथून पस्तीसेक किलोमीटरचा घाट, शेवटी शेवटी नुसती गाड्यांची रांग, मुलं वैतागलेली, आणि मग तल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या खालच्या टोकाच्या, वळणावर समोर तो हिरवागार तलाव आला आणि गाडीत एकदम सगळे गप्प झाले. इतका सुंदर आहे तो.

पण मला सांगायचंय ते तलावाबद्दल नाही, नाल्यांबद्दल. मॉल रोडवर चालताना डोंगरावरून खाली येणारे दगडी बांधणीचे नाले दिसतात, आपल्याला वाटतं गटार असेल आणि कुणीतरी सहज पाण्याची रिकामी बाटली नाहीतर वेफर्सचं पाकीट त्यात टाकतं. मी स्वतः बघितलं, आमच्याच ग्रुपमधल्या एका काकांनी टाकलं. हे गटार नाहीये हो! १८ सप्टेंबर १८८० ला सतत पडणाऱ्या पावसानं इथली अख्खी दरड खाली आली, १५१ माणसं गेली, नैनादेवीचं देऊळसुद्धा गाडलं गेलं. आज जिथे पोरं क्रिकेट खेळतात ते फ्लॅट्सचं मैदान त्याच मलब्यानं वाढलेलं आहे. पावसाचं पाणी डोंगरात मुरून परत असं होऊ नये, ते सरळ खाली वाहून जावं म्हणून त्यानंतर ह्या नाल्यांचं जाळं वाढवलं. आणि ते सगळे उतरतात कुठे तर तलावात.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो तेव्हा एका नाल्याच्या तोंडाशी जाळीला अडकलेला ढीग जवळून दिसला, बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, एक लहान मुलाची चप्पल, आणि एक माणूस पाण्यात उभा राहून ते हातानं ओढून काढत होता. नाववाल्या भय्यांना विचारलं तर म्हणाले की आम्ही हेच पाणी पितो. मला खरंच माहीत नव्हतं. गावाला पाणी ह्याच तलावातून जातं, शुद्ध करून. म्हणजे आपण ज्या हॉटेलात अर्धा तास शॉवर चालू ठेवतो तेही पाणी इथलंच. तलावाची तब्येत इतकी नाजूक आहे की २००७ पासून त्यात नळ्यांनी तळाशी हवा सोडावी लागते, नाहीतर खालच्या पाण्यात ऑक्सिजनच उरत नाही.

वरच्या बाजूला सुखाताल आहे, नावाप्रमाणे वर्षातला बराच काळ कोरडा, त्यामुळे टूरवाले तिथे थांबतही नाहीत. पण पावसाळ्यात तो भरला की तिथलं पाणी जमिनीतून झिरपत नैनी तलावाला मिळतं. माझ्या मते तर आधी तोच दाखवायला हवा, तलावात पाणी कुठून येतं ते मुलांना लगेच कळतं.

बाकी ज्यांना जायचंय त्यांनी शक्यतो स्वतःची गाडी वर नेऊ नका, शेअर टॅक्सी आणि बस भरपूर मिळतात. तल्लीताल ते मल्लीताल, म्हणजे तलावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मॉल रोडनं आरामात पायी होतं आणि सीझनमध्ये संध्याकाळी तो रस्ता गाड्यांना बंदच असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा खचून तलावात गेला होता, तेव्हा त्या रस्त्यावर किती भार टाकायचा ह्याचा विचार आपणही करायलाच पाहिजे ना. आणि हिमशिखरं बघायची असतील तर मे सोडून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, आम्ही स्नो व्ह्यूवर सकाळी तासभर उभे होतो, नुसतं धुरकट. आकाश स्वच्छ असलं तर तिथून नंदादेवी दिसते.

काकांना मी संध्याकाळी हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते एक पिशवी खिशात ठेवून फिरत होते आणि आम्हा सगळ्यांचा कचरा मागून घेत होते.

आपली नियमित वाचक