वाकडचा फ्लॅट कुणाला द्यायचा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

काल एजंटने वाकडच्या फ्लॅटवर दोन पार्ट्या आणल्या होत्या. पहिली पार्टी सत्तावीस हजार द्यायला तयार होती. पण करार नोंदवायचा नाही, नुसती नोटरी करू, खर्च वाचेल, असं त्यांचं म्हणणं. मी तिथेच नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी, म्हणजे तुझी. उद्या वाद झाला आणि करार नोंदलेला नसला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी खऱ्या धरतात. दुसऱ्या पार्टीचं महिना चोवीस हजार भाडं अकरा महिने आणि पंचाहत्तर हजार डिपॉझिट धरलं तरी मुद्रांक शुल्क सातशेच्या आत बसतं, नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी घर धोक्यात घालायचं नाही.

दुसऱ्या दोन मुली होत्या. एक नर्स, एक हिंजवडीत नोकरीला. भाडं चोवीसच म्हणतात. नर्सने बाथरूमचा नळ सोडला, तो चालू ठेवूनच स्वयंपाकघरातला सोडून धार पाहिली आणि विचारलं, "काकू, टँकर कधीपासून लागतो?" एप्रिल-मे रोज लागतो, हे मी खरं सांगितलं. पाण्याचं विचारणारी माणसं घरात राहायला येतात गं. सत्तावीसवाल्यांनी आत पाऊल टाकल्यापासून फक्त पार्किंग विचारलं.

एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुलींना देऊ नका, सोसायटी कटकट करते." मला एकदम आमचे दिवस आठवले. तू कडेवर होतीस. सदाशिव पेठेत एका मालकांनी आडनाव विचारलं आणि खोली गेली म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिथून गेलो, तर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच. तुझे बाबा त्या रस्त्याने पुढे कित्येक महिने गेले नाहीत. आपल्या दारातून कुणी तसं परत जाऊ नये, एवढं माझं ऐक.

सेक्रेटरींशी मी बोलते. घर भाड्याने दिलं की सोसायटी मालकाला लावते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, बिल नीट बघ. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, ती तू तिथूनच भर. किल्ली देण्याआधी लाइटच्या मीटरचा आणि गिझरचा फोटो मी काढून ठेवीन.

टोकन अजून घेतलेलं नाही. मुलींना शुक्रवारपर्यंत कळवते म्हटलंय, त्याआधी फोन कर.

तुझी आई