दूरसंचार मंत्र्यांना खुलं पत्र: नियम २०१८ चा आहे, बघायला कोण आहे?

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

सा. न. वि. वि.

मी चिपळूणला तबला शिकवतो. आपल्या खात्याच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एका तबल्याच्या मास्तराचं पत्र कोण वाचणार, हे मला कळतं. आपला वेळ घेतोय त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषय नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइट-ॲपना सारखीच वाट देण्याचा.

गेल्या रविवारी आमच्या क्लासची गुरुपौर्णिमा झाली. निम्मी मुलं समोर सतरंजीवर आणि बाकीची पडद्यावर, कुणी नाशिकचं, कुणी नागपूरचं, एक दुबईचा. नागपूरची मुलगी यंदा विशारदला बसतेय. तिने लेहरा (साथीची धून) लावला, तीनतालातला कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, धरली, दोन पलटे सुरेख निघाले आणि चित्र थिजलं. हात डग्ग्यावर टेकलेला, तोंड अर्धवट उघडं, मधोमध ते गोल फिरतंय. पुन्हा दिसली तेव्हा ती नमस्कार करत होती. वर्षभर घासलेल्या तिहाईतली, म्हणजे तीनदा वाजवायच्या शेवटच्या तुकड्यातली, एक मात्रा कुणाला ऐकू आली नाही. तिच्या आईने फोन करून मलाच विचारलं, "सर, तुमच्याकडचं नेट बरं नाही का?"

आमच्याकडचं नेट कागदावर १०० एमबीपीएस आहे, महिन्याचे पैसे आगाऊ घेतलेले. त्याच वेळी आतल्या खोलीत कंपनीच्या प्लॅनबरोबर फुकट मिळालेल्या ॲपवर क्रिकेट चाललं होतं, एकही अडथळा न येता.

आता तुमचे अधिकारी विचारतील की हा माणूस सगळ्यांसारखं नेहमीचं मोठं ॲप का वापरत नाही. कारण त्या ॲपना तबला कळत नाही. समोर माणूस बोलतोय असं धरून बाकीचा आवाज ती गाळतात. मिक्सर गाळतात, पंखा गाळतात आणि त्याबरोबर डग्ग्याची घुमारीही गाळतात. 'धा' मधला 'गे' गेला की उरतो नुसता 'ना', मग मी काय शिकवू? म्हणून माझ्याच एका विद्यार्थ्याने, तो इंजिनिअर आहे, भाड्याच्या सर्व्हरवर आमच्यापुरती छोटी व्यवस्था उभारली. त्याचं भाडं तो भरतो. संध्याकाळी सात ते दहा ती इथे चालत नाही. त्याने सांगितलं, सर, व्हीपीएन लावून बघा, म्हणजे आपण कुठे जातोय हे कंपनीला न दिसणारी आडवाट. लावलं. तीच वायर, तीच वेळ, तोच सर्व्हर, आणि चित्र लख्ख. व्हीपीएन बंद केलं की पुन्हा गोल गोल.

कस्टमर केअरच्या मुलीने स्पीड टेस्ट करायला लावली. ती अर्थातच शंभर दाखवते, तिथे सगळं सुरळीत असतं. मग म्हणाली, "सर, तुमच्या साइटचा प्रॉब्लेम असेल, किंवा तुम्ही बिझनेस प्लॅन घ्या." कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाची केबल येत नाही आणि आहे तीही उद्या तुटायला नको. एका सरकारी पोर्टलवर तक्रार केली, ती 'निकाली' निघाली. कशी निघाली ते मला कळवलेलं नाही, बहुधा कंपनीलाच विचारून.

कंपनी हे मुद्दाम करते की ढिसाळपणाने, ते मला सिद्ध करता येत नाही. मोठ्या कंपन्यांचे व्हिडिओ इंटरनेट कंपनीच्या दारातच साठवून ठेवलेले असतात म्हणून ते पळतात, हेही त्या मुलाने मला समजावलं, आणि त्या व्यवस्थेला नियमातून सूट आहे. असू दे. पण मग माझ्या दाराशी काय घडतं ते तपासायचं कुणी? मी? तबला सोडून?

मंत्रीमहोदय, या देशाने या विषयावर एक लढाई जिंकलेली आहे, हे आपल्या खात्यात कुणाला आठवतं का? डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरच्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर गुमान मागे घेतलं. मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, लोकांची मतं मागवली. दहा लाखांच्या वर ईमेल गेले, त्यातला एक माझा. बक्षीस म्हणून ट्रायने लिहिणाऱ्यांचे ईमेल पत्ते जगजाहीर केले, ते सोडा. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: कुठली वेबसाइट बघता यावरून डेटाचा दर बदलायचा नाही. निवडक साइट फुकट दाखवणारं फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' पानपानभर जाहिराती करूनही गुंडाळावं लागलं. २०१८ मध्ये तर परवान्यातच अट घातली गेली की अडवायचं नाही, मंदावायचं नाही, कुणाला पुढे काढायचं नाही. जगातल्या सगळ्यात कडक नियमांपैकी एक, असं सगळीकडे छापून आलं. मीही क्लासमध्ये पेढे वाटले होते, वेड्यासारखे.

त्या अटीवर नजर कोण ठेवतं? सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायनेच शिफारस केली की कंपन्या, तज्ज्ञ, ग्राहक यांचं मिळून एक मंडळ असावं. ते मंडळ कुठे बसतं? त्याचा फोन नंबर काय? मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. आणि दंड? २०१६ च्या नियमात दिवसाला पन्नास हजार, जास्तीत जास्त पन्नास लाख. कोट्यवधी ग्राहकांच्या कंपनीला पन्नास लाख! तेवढं त्यांचं एका चौकातल्या होर्डिंगचं बिल असेल.

आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून कंपन्यांची संघटना आता 'वाजवी वाटा' मागतेय. ज्यांचे व्हिडिओ जास्त बघितले जातात त्यांनी नेटवर्कचा खर्च उचलावा म्हणे. माझ्या टोकाचे पैसे मी भरतो, सर्व्हरच्या टोकाचे माझा विद्यार्थी भरतो, मग हे तिसरे पैसे कशाचे? मोठे भरतील आणि आपली वाट मोकळी करून घेतील, त्यांना काय. एकदा ही पद्धत पडली की न भरणाऱ्याचं काय होतं हे मी रविवारी बघितलं.

नेटवर्कला पैसे नाहीत, हे रडगाणं तर ऐकवूच नका. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांत एकामागोमाग दर वाढवले, कुठे अकरा टक्के, कुठे पंचवीसच्याही वर. तेव्हा सरकार म्हणालं, दर बाजार ठरवतो. बाजार! तीन दुकानं, दोन दिवसांत भाव वाढवणारी. त्यातल्या व्होडाफोन आयडियात जवळजवळ ४९ टक्के हिस्सा आता सरकारचा, बीएसएनएल तर तुमचंच. परवाना देणारे तुम्ही, थकबाकीचे शेअर करून घेणारे तुम्ही, तक्रार ऐकणारेही तुम्ही. मग माझं ऐकून तुमचा काय फायदा?

पंधरा ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की हजार दिवसांत सगळ्या सहा लाख गावांत ऑप्टिकल फायबर पोचेल. हजार दिवस मे २०२३ मध्ये भरले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने गावोगावी फायबर नेणाऱ्या भारतनेट योजनेसाठी १ लाख ३९ हजार कोटी नव्याने मंजूर केले. योजना मुळात २०११ ची, आधीच्या सरकारची. आमच्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरणही २०११ चंच. सरकारं बदलली, मंत्री बदलले, चिपळूणचा पुलाचा सांगाडा २०२३ मध्ये बांधता बांधता कोसळला, तोही आम्ही बघितला. आम्हा कोकणातल्या माणसांना वाट बघायची सवय आहे, असं तुम्हा लोकांनी धरूनच ठेवलंय.

अमेरिकेचा दाखला द्याल, तो द्यायला तुमच्याकडे माणसं तयारच असतात. तिथे हा नियम २०१५ ला आला, २०१७ ला गेला, एप्रिल २०२४ ला परत आणायचं ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने उडवला. त्या धरसोडीत २०१८ साली कॅलिफोर्नियात वणवा पेटलेला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाचं इंटरनेट कंपनीने मंदावलं, डेटाची मर्यादा ओलांडली म्हणून, आणि वर महागडा प्लॅन घ्यायला सांगितलं. आमची बिझनेस प्लॅनवाली मुलगी त्यांचीच शिष्या दिसते. त्यांच्याकडे देशभराचा नियमच उरला नाही, तुमच्याकडे तो परवान्यात शाईने लिहिलेला आहे. तुम्हाला नवा कायदा करायचा नाही, संसदेत जायचं नाही, फक्त स्वतःच्या परवान्याची अट स्वतः पाळून घ्यायची आहे. तेवढंही जड जात असेल तर अट काढून टाका. निदान माझा विद्यार्थी सर्व्हरचं भाडं भरायचं थांबवेल.

नाहीतर एवढं करा. कोणती कंपनी संध्याकाळी सात ते दहा कशाला किती वेगाने सोडते, हे सरकारी खर्चाने मोजा आणि जिल्हावार, कंपनीच्या नावासकट, दर महिन्याला छापा. मला व्हीपीएन लावून गुप्तहेरगिरी करायला लावू नका. तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला एक फोन करा. आणि तो 'वाजवी वाटा' मंजूर करण्याआधी एकदा उघडपणे लोकांना विचारा, २०१५ सारखं. या वेळी ईमेल पत्ते मात्र झाकून ठेवा.

नागपूरच्या मुलीची परीक्षा नोव्हेंबरात आहे. तोवर तिला मी फोनवर बोल म्हणून दाखवतोय. फोनवरही डग्गा ऐकू येत नाही, पण कॉल तुटत नाही, एवढं खरं.

कळावे,
एक तबला शिक्षक, चिपळूण
(बिल वेळेवर भरणारा)