अडकलेला सोफा परत नेणाऱ्या टेम्पोवाल्या भाऊंना मनापासून थँक्यू

नमस्कार भाऊ,

तुम्हाला मी आठवते की नाही माहीत नाही. एप्रिलमध्ये नागपुरात मानेवाड्याला तिसऱ्या माळ्यावर राखाडी रंगाचा मोठ्ठा सोफा घेऊन आले होते आणि तो दुसऱ्या माळ्याच्या वळणावर अडकला होता, त्या घरची ताई मी. तुमचा नंबर दुकानाच्या पावतीमागे लिहून ठेवला होता पण तो आता लागत नाही, दुकानात विचारलं तर म्हणे टेम्पोवर आता दुसरेच येतात. तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतं की मुलगी बारावीला आहे आणि सारखी मोबाईलवर काहीतरी वाचत असते, म्हणून इथे लिहून राहिले. कोणाच्या तरी हातून तिच्यापर्यंत पोचेल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे.

आधी थोडं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल. आमचा हॉल १० फूट बाय साडेअकरा फूट. त्यात वीस वर्षं जुना दिवाण होता, बसकं झालेलं. फेब्रुवारीत आईंच्या (सासूबाई, पण आम्ही आईच म्हणतो) गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलं की खाली बसायचं नाही, बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा वर राहायला पाहिजे, आणि उठताना धरायला दोन्ही बाजूंना काहीतरी पाहिजे. म्हणून सोफा. तोही छान आजकालचा, मुलाच्या मित्रांसमोर बरा दिसेल असा. मी भिंत मोजली, दार उघडायला जागा सोडून ९९ इंच उरत होते, सोफा ८४ इंचाचा होता, झालं, बसते म्हणून पैसे भरून आले. जिना मोजायचा असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आईंचं वॉकर तर त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

तो दिवस मी विसरू शकत नाही. भर बाराची वेळ, बाहेर ४३ डिग्री, तुम्ही डोक्याला दुपट्टा बांधलेला, तुमच्यासोबतचा पोरगा खालून धरून आणि तुम्ही वरून. लिफ्टमध्ये जाण्याचा प्रश्नच नव्हता. दोन माळे चढून आले आणि वळणावर सोफा थांबला. आडवा वळत नव्हता, उभा केला तर वरच्या जिन्याचा स्लॅब डोक्यावर येत होता. तीनदा केलं तुम्ही. भिंतीला एक हातभर ओरखडा पडला. मी वरून म्हणत होते, थोडा जोर लावा ना भाऊ, आणि तुम्ही सोफा खाली टेकवला, दुपट्ट्याने तोंड पुसलं, खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "ताई, जोर लावला तर जाईनही, पण मग याची पाठ तरी तुटन नाहीतर तुमची रेलिंग. हा सोफा तुमच्या घरचा नाही जी."

मला त्या वेळेस खरंच रडू आलं होतं. ३१ हजार भरले होते.

मग तुम्ही त्या पायरीवर बसूनच मला समजावलं, ते मी शब्दाशब्दाने लक्षात ठेवलंय. लोक लांबी मोजतात, पण लांबी आपण उभी करू शकतो, अडतो तो सोफा पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत. एक सरळ काठी सोफ्याच्या पाठीच्या वरच्या टोकापासून सोफ्याच्या हाताच्या, म्हणजे कोपर टेकतो त्या कठड्याच्या, पुढच्या टोकापर्यंत लावायची, आणि खालच्या मागच्या कोपऱ्यापासून त्या काठीपर्यंत सरळ मोजायचं, हे तिरपं माप जिन्यातल्या सगळ्यात अरुंद जागेपेक्षा कमी पाहिजे आणि वर बोटांपुरती जागा वेगळी. आमच्या सोफ्याचं ते माप साडेचौतीस इंच निघालं आणि भिंत ते रेलिंग जागा ३३. उभा करायचा तर वळणावर स्लॅबखाली ८० इंच, सोफा ८४. दोन्हीकडून नाही. हे गणित कुठल्याही दुकानात आम्हाला कोणी करून दाखवलं नाही, जे तुम्ही घामाघूम अवस्थेत दोन मिनिटांत केलं.

आणि दुकानदार फोनवर म्हणाला की एकदा पोचवलेला माल परत घेत नाही, तेव्हा तुम्ही माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं की माल घरात उतरलाच नाही, मी गाडीत परत टाकून राहिलो. तुमचं त्या दुकानात रोजचं काम होतं, तरी बोलले. जाण्यायेण्याचे १,८०० कापून बाकी पैसे मिळाले आम्हाला. हे फक्त तुमच्यामुळे.

इथपर्यंतच असतं तरी मी हे पत्र लिहिलं असतं. पण तुम्ही जाताना आईंना दारात वॉकर धरून उभं पाहिलं, विचारलं कोणत्या गुडघ्याचं झालं, आणि म्हणाले माह्या मायलेही हाच त्रास आहे, रविवारी इकडे फेरी आहे, येतो. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलले. तुम्ही खरंच आले, सकाळी आठला! तर्री पोहे केले होते, तुम्ही फक्त पाणी आणि गुळाचा खडा घेतला.

तुम्ही रद्दी मागितली. पेपर एकाला एक टेपने चिकटवून तुम्ही हॉलमध्ये फरशीवर त्या परत गेलेल्या सोफ्याच्या मापाचा तुकडा पसरवला, ८४ बाय ३८, आणि त्यापुढे सेंटर टेबलच्या जागी पाटी ठेवली. मग आईंना म्हणाले, काकू, आता स्वयंपाकघरातून इथपर्यंत या. आई निघाल्या. पाटी आणि टीव्ही युनिटच्या मधून वळताना वॉकरच्या मागच्या पायाचं रबर पाटीला लागलं, त्यांनी तो उचलून बाजूला टेकवला तर पेपरच्या कडेवर आला आणि पेपर टर्रकन फाटला. आई तिथेच थांबल्या. तुम्ही काहीच बोलले नाही, फक्त तो फाटलेला भाग कात्रीने कापून टाकला, मग अजून थोडा कापला, पाटी उचलून ठेवली, आणि म्हणाले आता या. दुसऱ्या वेळेस आई सरळ आल्या, वॉकर कुठेच लागला नाही. उरलेला पेपर मोजला तर ६२ बाय ३१ होता. तुम्ही भिंतीवर पेन्सिलने खूण केली, ६२ वर.

मी म्हटलं एवढ्याशा सोफ्यावर बसणार किती जण. तेव्हा तुम्ही सांगितलेलं मी आता सगळ्यांना सांगते. त्या ८४ इंचाच्या सोफ्याचे हातच १०-१० इंचाचे होते, म्हणजे बसायला ६४. ६२ वाल्याचे हात ४-४ इंचाचे घेतले तर बसायला ५४. बाहेरून २२ इंच कमी, पण बसायला फक्त १० इंच कमी. आपण हातांचे पैसे देतो आणि हातांनाच जागा देतो. मला हे कधी दिसलंच नव्हतं, मी फोटोत रंग पाहत होते.

आणि बाकीचं सगळं. दुकानात जाऊन आधी सोफा खालून पाहायचा. पुढचा एक पाय साधारण सहा इंच उचलायचा, दुसरा पुढचा पाय पण सोबत उचलला गेला पाहिजे, तो जमिनीवरच राहिला तर सांगाडा पिळतोय. खालचं काळं कापड थोडं उघडून दाखवा म्हणायचं, कोपऱ्यात लाकडाचे ठोकळे स्क्रूने बसवलेले आहेत की नुसत्या पिना मारल्यात. सागवान म्हटलं की आपण विदर्भातले लोक लगेच विश्वास ठेवतो, अल्लापल्ली-बल्लारपूरच्या सागवानाचं नावच तसं आहे, २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी इथूनच लाकूड गेलं. पण तुम्ही म्हणाले पाय सागवानाचे आणि आत काय आहे ते कापडाखाली झाकलेलं, म्हणून विचारायचं आणि पावतीवर लिहून घ्यायचं. मी लिहून घेतलं.

फोमचं पण. मी समजत होते ४० डेन्सिटी म्हणजे कडक. तुम्ही सांगितलं, डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन, कडक-मऊ वेगळी गोष्ट आहे, हलका फोम पहिल्या दिवशी कडक वाटू शकतो आणि वर्षभरात दबतो. गादीची चेन उघडून आत पाहायचं, अखंड फोम आहे की चुरा चिकटवलेला. तुम्ही वीस वर्षं उचलताय म्हणून तुम्हाला हातात घेतल्यावर कळतं, मला पाहून विचारावं लागलं, पण मी विचारलं. आम्ही बसायला ४० आणि पाठीला मऊ ३२ घेतला. बसायची उंची १८ इंच, बसायची खोली २१, म्हणजे आईंची पाठ टेकते आणि पाय पण जमिनीला पूर्ण टेकतात. जास्त खोल सोफ्यात म्हातारं माणूस मागे टेकलं की पाय लोंबतात आणि उठताना आधी पुढे सरकावं लागतं, नव्या गुडघ्याला तेच नको असतं.

रेक्झिन घेऊ नका हे तर तुम्ही अगदी हात जोडून सांगितलं होतं. मला तेच घ्यायचं होतं, पुसायला सोपं म्हणून. पण नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, त्यावर उघड्या हातापायांनी बसलं की चिकटतं, आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघायला लागतात, असे किती सोफे तुम्ही भंगारात पोचवले ते तुम्हीच सांगितलं. मखमली पण नाही, धूळ धरते. साधं जाड विणीचं कापड, कव्हर चेनचं, काढून धुता येईल असं. आणि सोफा कूलरच्या खिडकीखाली ठेवायचा नाही, सतत दमट हवा लागली की कापडाला वास धरतो, थेंब गळाले तर पाणी फोमपर्यंत जातं. आमची तीच जागा ठरलेली होती! आता समोरच्या भिंतीला आहे. पाय सहा इंचाचे आहेत, झाडू आत जातो, आणि पायांना खाली रबराचे बूच लावले, फरशी पुसताना लाकूड पाणी पीत नाही. बूच तुम्हीच खिशातून काढून दिले होते चार, पैसे घेतले नाही.

एका गोष्टीचं मला फार नवल वाटतं भाऊ. तुम्ही एवढं सगळं सांगितलं पण अमुक दुकानातून घ्या असं एकदाही म्हणाले नाही. मी विचारलं तरी नाही. कुठूनही घ्या पण पाहून घ्या, एवढंच.

सोफा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आला. २४,५०० ला पडला. दुकानात मी काठी घेऊन गेले होते, खरंच, घरातली पडद्याची, आणि तिरपं माप घेतलं, पावणेएकतीस. सेल्समन पाहत राहिला, मग त्यानेच काठीचं दुसरं टोक धरलं. वळणावर सोफा उभा केला आणि वळला, कुठे लागला नाही, दहा मिनिटांत घरात. मी तेव्हा जिन्यात उभी होते आणि तुमची इतकी आठवण आली.

सेंटर टेबल आम्ही घेतलंच नाही. एकात एक जाणारी दोन छोटी स्टुलं घेतली, पाहुणे आले की काढतो. पाहुणे म्हणजे तरी किती, तिघं सोफ्यावर, बाकी खुर्च्या आहेत. मुलाचे मित्र खाली चटईवरच बसतात, त्यांना तेच आवडतं.

आईंचं आता वॉकर सुटलं, काठी आहे. संध्याकाळी सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, तो चार इंचाचा हात त्यांच्या पंजात बरोबर येतो, मोठा असता तर पकडता आलाच नसता हे पण मला नंतर कळलं. परवा मी चहा घेऊन येईपर्यंत त्या स्वतः उठून दाराशी गेल्या होत्या, कोणाला हाक न मारता. ऑपरेशनआधी पण त्या अशा उठत नव्हत्या.

दिवाळीच्या आधी हॉलला रंग द्यायचा आहे. तुमची ती पेन्सिलची खूण अजून भिंतीवर आहे, सोफ्याच्या हातापासून दोन बोटं वर. पेंटरला मी तेवढी जागा सोडायला सांगणार आहे.

आणि तुमच्या आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. आमच्या आईंनी जिथे दाखवलं तिथला पत्ता, व्यायामाचे कागद, सगळं माझ्याकडे ठेवलेलं आहे, आणि वॉकर पण धुवून पुसून ठेवलाय, तुमच्या आईंना लागत असेल तर तो तुमचाच. आई म्हणतात, भाऊले सांग, या वेळेस नुसतं पाणी पिऊन जाऊ देणार नाही, जेवूनच जायचं. घर तुम्हाला माहीतच आहे, दुसऱ्या माळ्यावरचा तो ओरखडा पण तसाच आहे, त्याच्या वरचं दार.

तुमची,
मानेवाड्याची ताई