गोळी झाडल्यानंतरचं काम कोणी बघतं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवर लेख आला, मग त्यावर वाचकांची पत्रं आली, आणि सगळ्यांचा सूर एकच, की पोट भरलेली माणसं मजा म्हणून बंदुका घेऊन जंगलात जातात आणि शिंगं भिंतीवर लावतात. मी मूळची कोल्हापूरकडची, गेली बरीच वर्षं कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला राहते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रायफल सीझन (रायफलने शिकार करायचा ठरवून दिलेला काळ) लागला की एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) किंवा म्यूल डिअरच्या (एल्कहून लहान हरीण) शिकारीला जाते, मांसासाठी. निव्वळ शिंगांसाठी जाणारे लोक इथे नाहीतच असं मी म्हणणार नाही, आहेत, आणि मलाही ते पटत नाही. पण अख्ख्या लेखात मांसाचा एक शब्द नव्हता हे मला फार खटकलं, कारण इथला कायदा शिकाऱ्याला सगळ्यात जास्त धरतो तो मांसावरूनच.

म्हणजे कसं ते सांगते. कोलोराडोत एल्क मारलात तर चारही पाय, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं लांब मांस आणि आतल्या बाजूचं मऊ मांस (टेंडरलॉइन), एवढं तरी जंगलातून बाहेर आणून खाण्यालायक ठेवावंच लागतं. टाकून आलात तर गुन्हा. आणि नुसती शिंगं कापून धड तिथेच सोडून दिलंत तर तो साधा दंड भरून सुटण्यातला प्रकार नाही, गंभीर गुन्हा म्हणून केस होते, तुरुंगाची पाळी येऊ शकते, लायसन कायमचं जाऊ शकतं. शिंगं घरी नेलीच पाहिजेत असा कुठलाही नियम नाही, मांस नेलंच पाहिजे असा आहे. लेख लिहिणाऱ्यांनी एवढं जरी वाचलं असतं तरी लेख वेगळा झाला असता.

मांस विकायचं म्हणाल तर तेही चालत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इथे नेमकं तेच झालं होतं, सोन्याच्या खाणींवर आणि शहरांत मांस पुरवायला धंदेवाईक शिकारी कळपच्या कळप मारायचे, आणि १९१० च्या सुमाराला अख्ख्या कोलोराडोत एल्क उरले होते हजाराच्या आत. एस्टेस पार्क या गावाजवळ तर १९१३-१४ मध्ये यलोस्टोन नॅशनल पार्ककडून एल्क आणून सोडावे लागले. त्या अनुभवातून जंगली जनावराच्या मांसाचा बाजार बंद झाला तो आजतागायत बंद आहे, हॉटेलात मेनूवर एल्क दिसतो तो फार्मवर पाळलेला असतो. मी मारलेलं मांस मी खाऊ शकते, कोणाला फुकट देऊ शकते, पण देतानाही सोबत सही-तारखेची चिठ्ठी द्यावी लागते की हे अमुक लायसनवरचं आहे. आज कोलोराडोत एल्क पावणेतीन-तीन लाखांच्या घरात आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. हे आपोआप नाही झालं. अमेरिकेत रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, शिवाय आमच्या लायसनच्या फिया. कोलोराडोचं वन्यजीव खातं मुख्यतः याच पैशावर चालतं, गणना, कुरणं, वॉर्डनचे (शिकारीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचे) पगार सगळं त्यातून.

आता सीझन कसा असतो तेही सांगते कारण लेखात असं चित्र होतं की कोणीही उठावं आणि कधीही ठो करावं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही शिकारीचा कोर्स पास झाल्याशिवाय सहसा लायसन मिळत नाही. राज्याचे लहान लहान युनिट पाडलेत, युनिटनुसार कळपाचा अंदाज घेऊन किती नर किती माद्या मारू द्यायच्या ते ठरतं, डिअरचं लायसन मुख्यतः ड्रॉनेच (सोडतीने) मिळतं, एल्कमध्ये काही ठिकाणी नराचं लायसन थेट मिळतं. रायफलचे चार सीझन, मधल्या ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत, प्रत्येक थोड्याच दिवसांचा. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळात गोळी झाडता येते. अंगावर कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर तशाच रंगाची टोपी सक्तीची. ड्रोनने शोधायचं नाही, रात्री लाइट मारायचा नाही, खायला टाकून बोलवायचं नाही, रस्त्यावरून गोळी झाडायची नाही. बऱ्याच युनिटमध्ये एल्कच्या नराच्या एका शिंगाला चार टोकं असल्याशिवाय (किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचाचं असल्याशिवाय) तो मारता येत नाही, म्हणजे दुर्बिणीतून टोकं मोजत बसायचं आणि खात्री नसेल तर सोडून द्यायचं.

मी स्वतः जमेल तेव्हा मादीचं लायसन मागते. शिंगं नाहीत, फोटोत कोणी वा वा म्हणत नाही, पण मांस उत्तम असतं आणि कळपाची संख्या खरी कमी-जास्त होते ती माद्यांवरूनच, हे खात्याचे लोकही सांगतात.

आणि आता मुख्य गोष्ट. एल्क पडला की लोकांना वाटतं झालं, संपलं. अहो तिथून पुढे खरं काम. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे, मादीसुद्धा सव्वादोनशेच्या आसपास, आणि हे सगळं बहुतेक वेळा उतारावर, पडलेल्या लाकडांमध्ये, गाडीपासून तास-दोन तासांच्या चालीवर. पहिलं काम लायसनसोबतच्या टॅगवर तारीख टाकून सही करायची. मग लगेच सुरी. कारण त्या कातडीखालची ऊब इतकी असते की बाहेर बर्फ पडलेलं असलं तरी मांडीच्या हाडाजवळचं मांस आतून गरमच राहतं आणि हाडापासून आंबायला लागतं, वरून बघणाऱ्याला कळतही नाही. म्हणून एका कुशीवर ठेवून पाठीवरून कातडं सोलत आणायचं, पुढचा पाय सोडवायचा (त्याला धडाशी जोडणारा हाडाचा सांधा नाही, नुसत्या मांसावर असतो, सुरी फिरवली की सुटतो), मागचा पाय खुब्याच्या वाटीतून सोडवायचा, पाठीचं मांस कण्याला सुरी घासत एकसंध लांब काढायचं, मग दुसऱ्या कुशीवर. लिंगाचा पुरावा एका पायाला तसाच चिकटलेला ठेवायचा, वॉर्डनने बघितला तर दाखवावा लागतो, आणि थकलेला माणूस नेमका तोच कापून टाकतो. प्रत्येक तुकडा सुती पिशवीत, सावलीत फांदीला टांगायचा, वारा लागला पाहिजे. एकही केस मांसाला लागू नये म्हणून मी दर थोड्या वेळाने सुरी पुसते, कारण केसाला जो उग्र वास असतो तोच पुढे भांड्यात उतरतो आणि मग लोक म्हणतात जंगली मांसाला वास येतो. हृदय, लिव्हर वेगळ्या पिशवीत. डोमकावळे तोवर आलेलेच असतात.

मग पाठीवर वाहून आणणं. एकेक मागचा पाय वीस-पंचवीस किलोचा, खेप टाकायची, परत जायचं. दोघंतिघं असतील तरी अंधार होतो. गोळी झाडायच्या आधी मी स्वतःला हाच प्रश्न विचारते की इथे पडलं तर मी हे सगळं मांस खराब न होता बाहेर काढू शकेन का, आणि उत्तर नाही असेल तर ट्रिगरला बोट लावत नाही. ऑक्टोबरात दुपारी ऊन कडक असतं, आणि खाली खोल दरीत कळप दिसला की मोह होतोच, तरी नाही.

याच कारणासाठी मला इथल्या काही शिकाऱ्यांचा प्रचंड राग आहे, आणि आपल्या लेखात टीका व्हायला हवी होती ती त्यांच्यावर. आजकाल सातशे-आठशे यार्डांवरून जनावर मारल्याचे व्हिडिओ लोक टाकतात, महागड्या दुर्बिणी, मोबाइलवर वाऱ्याचं गणित. एवढ्या अंतरावर गोळी पोचायला एक सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं तर फुप्फुसाऐवजी पोटात लागते, आणि ते जनावर दिवसभर झाडीत पडून मरतं, कोणाच्या ताटात येत नाही. समोरच्या डोंगरावरून रक्ताचा थेंब शोधायला कोण जातं? मी दोनशे यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असेल आणि रायफल कशावर तरी टेकलेली असेल तरच झाडते. ज्याला जवळ जायचा कंटाळा आहे त्याने शिकारीला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिकारी का असेना.

एका पत्रात लिहिलं होतं की माणसाने हस्तक्षेप करू नये, निसर्ग आपोआप तोल सांभाळतो. वाचायला बरं वाटतं, पण लांडगे इथून १९४० च्या दशकापर्यंत माणसानेच संपवले, ते परत आणून सोडले डिसेंबर २०२३ मध्ये, तेही सुरुवातीला फक्त १०. माझ्या घरापासून तासाभरावर रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे, तिथे आत शिकारीला बंदी. लांडगे नाहीत, शिकार नाही, मग एल्कनी ओढ्याकाठच्या विलोची आणि अॅस्पनची कोवळी झाडं इतकी खाल्ली की वाढच थांबली, विलो गेली तसे बीव्हर कमी झाले, बीव्हरचे बांध गेले तशी पाणथळ जागा आटत गेली. शेवटी पार्कलाच झाडांभोवती मोठमोठी कुंपणं घालावी लागली आणि ट्रेनिंग दिलेल्या लोकांकडून काही एल्क मारून घ्यावे लागले. हे आता ज्याला बघायचं त्याने येऊन बघावं, कुंपणाच्या आत दाट झाडी आणि बाहेर खुरटलेली.

कोणी लगेच विचारेल की मग आपल्याकडेही सुरू करायचं का. माझं उत्तर नाही असं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच आपल्याकडची सांबरं-चितळं वाचली. विदर्भात रोही आणि रानडुकरं उभं पीक आडवं करतात, त्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे आणि त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे, पण इथली पद्धत उभी आहे ती युनिटवार गणनेवर, मोजक्या लायसनवर आणि जंगलात येऊन तुमची पिशवी उघडून बघणाऱ्या वॉर्डनवर. ते काही नसताना नुसत्या बंदुका दिल्या तर काय होईल ते इथे १९१० पर्यंत होऊन गेलंय. माझ्या पत्राचा कोणी तसा वापर करू नये.

खाण्याबद्दल थोडं लिहिते कारण शेवटी यासाठीच तर सगळं. एका मादीचं हाडं काढून पन्नास-साठ किलो मांस निघतं, आमच्या घराला वर्षभर पुरतं आणि शेजारीपाजारीही जातं. चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे मटणाच्या हिशोबाने परतत बसलात तर चामडं होतं. पाठीचं मांस तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी झटपट, आत गुलाबी राहिलं पाहिजे. मान आणि नळ्या मात्र कुकरला, भरपूर शिट्ट्या, घरचा कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं जास्त आणि तेल सढळ हाताने, कारण तवंग यायला मांसात चरबीच नसते. खिमा सगळ्यात सोपा. लहान मुलं आवडीने खातात.

आता इथल्या मराठी घरांसाठी एक कळकळीची गोष्ट, आणि ही तरी आपण जरूर छापा. ऑफिसमधले सहकारी, शेजारी सीझनमध्ये प्रेमाने मांसाची पाकिटं देतात. डिअर आणि एल्कमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे, तो पहिल्यांदा दिसला तोच आमच्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डिअरमध्ये, १९६७ साली. माणसाला तो झाल्याचं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही, पण तो प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनामुळे) होतो आणि प्रायॉन शिजवून मरत नाहीत, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. बाधित जनावर खाऊ नका असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी स्पष्ट सांगते. जनावर वरून धडधाकट दिसत असलं तरी बाधित असू शकतं, एल्कपेक्षा म्यूल डिअरच्या नरांमध्ये प्रमाण जास्त. जनावराचं डोकं खात्याच्या केंद्रावर नेऊन दिलं की टेस्ट होते, काही युनिटमध्ये ती सक्तीची असते, बाकी ठिकाणी मागून करून घेता येते. तेव्हा पाकीट घेताना टेस्ट झाली का आणि रिझल्ट काय आला हे सरळ विचारा, चांगल्या शिकाऱ्याला त्याचा राग येत नाही. रिझल्ट येईपर्यंत फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. मेंदू, मणक्याची दोरी, डोळे, प्लीहा यांना हात लावू नका, भेजा फ्राय वगैरे इथल्या हरणाचा अजिबात नको.

पुरवणीत या विषयावर पुन्हा काही छापणार असाल तर एखादा प्रतिनिधी सीझनमध्ये इकडे पाठवा किंवा इथल्या एखाद्या वन्यजीव अधिकाऱ्याशी फोनवर तरी बोला, ते लोक माहिती द्यायला तयार असतात. मीही माझ्या परीने मदत करीन.

कळावे,
आपली नियमित वाचक,
फोर्ट कॉलिन्स, कोलोराडो