ग्रोमेटनंतरच्या सूचना मराठीत लेखी द्याव्यात

महोदय,

माझ्या चार वर्षांच्या नातवाच्या दोन्ही कानांत पडद्यामागे चिकट द्राव साचून त्याला कमी ऐकू येत असल्याने गेल्या वर्षी शस्त्रक्रिया करून ग्रोमेट, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी पोकळ नळी, बसवण्यात आली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तक्रार आहे ती त्यानंतरची.

महिनाभराने एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळसर डाग दिसला. आमच्या आईने आम्हा भावंडांना केले तसे मी लसूण घालून तेल कोमट केले. ते नातवाच्या कानात पडले नाही, ते केवळ सुनेने माझ्या हातातली वाटी काढून घेतल्यामुळे. नळीमुळे पडद्याला भोक राहते आणि वरून घातलेले काहीही थेट मधल्या कानात उतरते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. रुग्णालयाने दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यावर ‘कान कोरडा ठेवा’ यापलीकडे फारसे काही नव्हते. (वास्तविक अंघोळीच्या साध्या पाण्याचा बहुतेक मुलांना त्रास होत नाही, हेही नंतर कळले.)

पुढे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले थेंब जेंटामायसिनचे निघाले. पडद्याला भोक असताना हे औषध आतल्या कानात पोहोचून श्रवणशक्तीलाच अपाय करू शकते, असे सांगून डॉक्टरांनी ते बंद केले आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब दिले. मुलाला ताप नसेल, तर अशा वाहणाऱ्या कानाला पोटातून अँटिबायोटिक सहसा लागत नाही. कानाची वाट पुसून घेऊन थेंब टाकायचे आणि कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने काही वेळा दाबायचा, म्हणजे औषध नळीतून आत जाते. ही कृती दाखवायला त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

नळी बहुधा सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. पण कधी ती तुंबते, कधी दोन-तीन वर्षांनंतरही अडकून राहते व काढावी लागते, आणि अल्पकाळासाठी बसवलेल्या नळ्यांतही नळी गेल्यावर शंभरात साधारण दोन कानांच्या पडद्याचे भोक बुजत नाही. मूल नीट ऐकू लागले की पालक तपासणीला जाणे सोडतात, म्हणून या गोष्टी उशिरा लक्षात येतात.

ग्रोमेट बसवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडतानाच मराठीत आठ-दहा ओळींचा कागद द्यावा. कान वाहिला तर काय करायचे, कोणते थेंब टाळायचे, तेल का घालायचे नाही आणि पुढच्या तपासणीची तारीख, एवढे त्यात असावे. तो कागद आईवडिलांबरोबर घरातल्या आजीलाही वाचून दाखवावा.

– एक आजी, सातारा